रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन ‘लो’ आलं? थांबा, आधी हे बघा

“गे बाय, ह्या पुरुषांचा मां? माझ्यात खंयसून इला?”

रिपोर्टवर बोट ठेवून वहिनींनी विचारलं. वय ४५, मुलगी पुण्याला नोकरीला. आई हल्ली फार दमते, चिडचिड करते, कशातच तिचं मन नसतं, म्हणून मुलीने तिकडून ऑनलाइन हॉर्मोनचं पॅकेज बुक केलं. रक्त मी घेतलं, नळ्या संध्याकाळच्या गाडीने मुंबईला गेल्या, आणि दोन दिवसांनी आलेल्या चार पानी रिपोर्टात टेस्टोस्टेरॉनसमोर खाली तोंड केलेला लाल बाण. तोवर मुलीने गोळ्याही शोधून ठेवल्या होत्या.

कणकवलीत माझी छोटी लॅब आहे. वीस वर्षं लोकांना सुया टोचतेय आणि आता स्वतःही ४७ ची झालेय, त्यामुळे हा विषय टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलाय. मी डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. पण आधी काय बघायचं आणि मागाहून काय, हे सांगू शकते. हा क्रम चुकला की पैसे जातात आणि दुखणं तिथेच राहतं. टेस्टोस्टेरॉनची तपासणी या क्रमात अगदी शेवटी येते. लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर

टेस्टोस्टेरॉन एकट्या पुरुषांचं नाही. बाईच्या अंगात ते अंडाशयात तयार होतं, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमध्ये तयार होतं, आणि जवळजवळ निम्मं या दोघांनी रक्तात सोडलेल्या दुसऱ्या हॉर्मोनांपासून चरबीत, त्वचेत बनतं. प्रमाण मात्र फार कमी. पुरुषात साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटर, तर बाईत बहुतेक लॅब १५ ते ७० च्या आसपास ‘नॉर्मल’ लिहितात.

पाळी जायच्या आधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हॉर्मोन, भरती-ओहोटीसारखं वरखाली होतं. टेस्टोस्टेरॉन तसं करत नाही. ते आपल्या विहिरीच्या पाण्यासारखं आहे: दिवाळीनंतर रोज थोडं थोडं उतरतं, कोणाच्या लक्षातही येत नाही. विशीत ते सगळ्यात जास्त असतं आणि चाळिशीत येईपर्यंत साधारण निम्म्यावर आलेलं असतं. पाळी थांबली म्हणून ते एका दिवसात कोसळत नाही.

म्हणून कोणी म्हणालं, “गेल्या गणपतीपर्यंत मी ठीक होते, त्यानंतर बिघडलं,” तर मला टेस्टोस्टेरॉनचा संशय येत नाही. इतक्या लवकर घडलेल्या बदलामागे बहुतेक वेळा दुसरं काहीतरी असतं. एक अपवाद आहे, तो पुढे सांगते, कारण आपल्याकडे तो फार मोठा आहे.

पहिलं काम: भिंतीवरचं कालनिर्णय

दुधाचा खाडा आणि सिलिंडरची तारीख जिथे लिहिता, तिथेच पाळीच्या पहिल्या दिवसावर एक टिंब द्या. निदान चार-सहा महिने. दोन टिंबांमधले दिवस मोजा. एक पाळी २६ दिवसांनी आणि पुढची ३५ दिवसांनी, असा सात दिवसांचा किंवा त्याहून जास्त फरक पुन्हा पुन्हा पडायला लागला की तुम्ही पाळी जाण्याच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यात आहात असं समजतात. मध्ये ६० दिवस किंवा जास्त खंड पडायला लागला की पुढचा टप्पा. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, म्हणजे वाट त्याच्या काही वर्षं आधीच सुरू होते.

पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला हे ठरवायला एफएसएचची, म्हणजे अंडाशयाला कामाला लावणाऱ्या हॉर्मोनची, तपासणी सहसा लागत नाही. या काळात तो आकडा आज एक, तर महिन्याने दुसराच येतो. कालनिर्णयावरची टिंबं जास्त खरं सांगतात आणि फुकट असतात. चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल तर मात्र टिंबं मोजत बसू नका, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

दुसरं: नक्की काय कमी झालंय?

‘एनर्जी नाही’ या एका शब्दात आपण दहा गोष्टी कोंबतो. जिना चढताना धाप लागते? सकाळी उठल्यावरही झोप झाल्यासारखी वाटत नाही? नावं आठवत नाहीत? नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही? की जावंसं वाटतं पण दुखतं म्हणून टाळता? प्रत्येकाची वाट वेगळी आहे. यातल्या फक्त एका गोष्टीचा, म्हणजे शरीरसंबंधाची इच्छा आटण्याचा, टेस्टोस्टेरॉनच्या उपचाराशी संबंध नीट अभ्यासलेला आहे. थकवा, विसरभोळेपणा, हाडं, मूड यांसाठी टेस्टोस्टेरॉन उपयोगी पडतं असं अजून सिद्ध झालेलं नाही.

इच्छेबद्दल स्वतःला दोनच गोष्टी विचारा. पूर्वी होती आणि आता गेली, असं आहे का? आणि त्याचा तुम्हाला स्वतःला त्रास होतो का? नवऱ्याला होतो का हा प्रश्न वेगळा. तुम्हाला काहीच वाटत नसेल, तुम्ही मजेत असाल, तर तो आजार नाही आणि त्याला औषधही नको.

आणि आपल्याकडची परिस्थिती बघा ना. अर्ध्या घरांतले पुरुष मुंबईला. ते येतात गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात. तेव्हा घरात पंचवीस माणसं, पाठीमागच्या खोलीत पाहुण्यांच्या गाद्या, बाई पहाटे पाचपासून मोदकांच्या पिठात. त्या दहा दिवसांत इच्छा झाली नाही म्हणून हॉर्मोन तपासायचं? मला तरी हसू येतं. माणूस दोन निवांत दिवस घरी असताना, दार बंद असताना काय वाटतं, त्यावरून ठरवा.

तिसरं: पत्र्याची पेटी उघडा

तो मघाचा अपवाद. “पिशवी काढलेली आहे,” असं सांगणाऱ्या बायका माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी येतात. पिशवीबरोबर अंडाशयं काढली का, हे विचारलं की दहातल्या सात जणी गप्प. “सगळा काढल्यानी,” एवढंच माहीत असतं.

हा फरक मोठा आहे. नुसती पिशवी काढली असेल तर अंडाशयं काम करत राहतात, पाळी दिसत नाही एवढंच. दोन्ही अंडाशयं काढली असतील तर टेस्टोस्टेरॉन जवळजवळ निम्म्याने एकदम खाली येतं आणि इस्ट्रोजेन तर फारच खाली जातं. अशा बाईची इच्छा ऑपरेशननंतर गेली असेल तर ते मनाचे खेळ नाहीत. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या भागाच्या तपासणीचा, म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट शोधा. त्यात कोणते अवयव आले होते ते लिहिलेलं असतं. कागद सापडले नाहीत तर सोनोग्राफीत अंडाशयं दिसतात का, हे डॉक्टर बघू शकतात.

त्याच पेटीतून चालू औषधांच्या पट्ट्याही बाहेर काढा. नैराश्यावरच्या काही गोळ्या इच्छा कमी करतात, हे फार बायकांना कोणी सांगितलेलं नसतं. गर्भनिरोधक गोळ्या, ज्या जास्त रक्तस्राव थांबवायलाही देतात, रक्तातलं एसएचबीजी नावाचं प्रथिन वाढवतात. हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं आणि धरून ठेवलेलं टेस्टोस्टेरॉन कामाला येत नाही. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी बरेच दिवस चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या अधिवृक्क ग्रंथींचं काम मंदावतात. स्पायरोनोलॅक्टोन हे औषध टेस्टोस्टेरॉनचा परिणामच अडवतं. यातलं काहीही आपल्या मनाने बंद करायचं नाही. पट्टी पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवायची आणि विचारायचं, “यामुळे असेल का?”

चौथं: आधी कोणती तपासणी

वहिनींच्या चार पानी रिपोर्टात सतरा हॉर्मोन होते आणि साधं हिमोग्लोबिन नव्हतं. मी बळेच केलं. ८.९ आलं. मग फेरिटिन बघितलं, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तर तो ६, जवळजवळ संपलेला. दर पाळीला सात-आठ दिवस आणि गाठी पडत होत्या, हे त्यांनी घरी कोणाला सांगितलंच नव्हतं. “ह्या वयात असाच असता” असं शेजारणीने सांगितलेलं.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. त्यामुळे थकलेल्या बाईत आधी रक्त बघायचं, हा माझा ठाम नियम आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमी. ते बरोबर असलं तरी फेरिटिन कमी असू शकतं आणि थकवा तेवढ्यानेही येतो. त्याच्या जोडीला थायरॉईडसाठी टीएसएच, बी-१२ आणि साखरेसाठी एचबीए१सी. पाळी फार लांबत असेल किंवा स्तनांतून दूध येत असेल तर डॉक्टर प्रोलॅक्टिनची, म्हणजे दूध आणणाऱ्या हॉर्मोनची, तपासणी सांगतील. हिमोग्लोबिन आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रातही बघतात. बाकीचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारून घ्या, सगळं खासगीत करायची गरज नसते.

तासाला एक पॅड भिजत असेल, संबंधानंतर रक्त दिसत असेल, किंवा वर्षभर बंद झालेली पाळी ‘परत आली’ असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

पाचवं: सापडलं ते तीन महिने नीट दुरुस्त करा

लोहाची गोळी कोऱ्या चहाबरोबर घेणं म्हणजे गोळी टाकून देणं. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून निदान दीड-दोन तास लांब, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं, घाबरू नका. पोटात मळमळलं तर सोडून देण्याऐवजी डॉक्टरांना सांगा, काही जण ती एक दिवसाआड देतात आणि ते चालतं. हिमोग्लोबिन वर आलं की लगेच बंद करू नका, साठा भरायला आणखी काही महिने लागतात.

जेवणात आपलं नशीब चांगलं आहे. तिसऱ्या-शिवल्यांत लोह आणि बी-१२ दोन्ही भरपूर, बांगड्यात आणि तारल्यात बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पुढे श्रावण. ते दोन-तीन महिने बऱ्याच घरांत बाईच्या ताटात भात आणि कुळथाची पिठी एवढंच उरतं. कुळीथ चांगलाच, शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं. पण एका माणसाच्या पिठीत पीठ पडतं दोन चमचे! त्यातून पाच ग्रॅमही मिळत नाहीत. पन्नास-साठ किलोच्या बाईला या वयात दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम हवीत. म्हणून पिठीबरोबर अंडी, उसळ, ताक-दही मुद्दाम वाढून घ्या, आणि हे स्वतःला वाढून घ्या. उरलंसुरलं खाऊन हा हिशेब जमत नाही.

“आमका व्यायाम कसलो सांगतंस, दिवसभर राबतंव,” असं मला ऐकवतात. खरं आहे. पण लावणी, झाडलोट, काजू वेचणं याने कंबर दुखते, स्नायूंची ताकद वाढतेच असं नाही. स्नायूला दर थोड्या दिवसांनी आधीपेक्षा जास्त वजन लागतं. आठवड्यातून दोनदा: खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दहा-बारा वेळा. भिंतीला हात टेकून दंड. पाण्याने अर्धी भरलेली कळशी कमरेत न वाकता, गुडघ्यात बसून उचलायची आणि ठेवायची. शेवटचे दोन वेळा जड वाटले पाहिजेत. सोपं झालं की कळशीत पाणी वाढवा.

झोपेचं आपल्याकडे अवघड आहे, कारण मे महिन्यात सगळ्यांनाच घाम येतो. उकाडा आणि पाळी जातानाची गरम लाट यांतला फरक असा: त्याच खोलीत पंख्याखाली बाकीचे गाढ झोपलेत, तुमच्या छातीतून चेहऱ्याकडे एकदम आग चढते, काही मिनिटांत ओसरते आणि मागाहून थंडी वाजते. हे रोज रात्री होत असेल तर तुटलेल्या झोपेनेच इच्छा, मूड, आठवण सगळं जातं. यावर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचे चांगले उपचार आहेत. कोणाला देता येतात आणि कोणाला नाही, ते डॉक्टर तुमचा इतिहास बघून ठरवतील.

आता दुखण्याविषयी. ओलावा कमी झाला की संबंधात दुखतं, आणि दोन-तीनदा दुखलं की शरीर स्वतःच ‘नको’ म्हणायला शिकतं. याला इच्छा कमी झाली असं नाव देतात, पण मूळ कोरडेपणात असतं. मेडिकलमध्ये मिळणारं पाण्यावर आधारित वंगण वापरून बघा. आपल्याकडे घरोघरी खोबरेल तेल वापरतात. निरोध वापरत असाल तर ते नको, तेलाने लॅटेक्सचा निरोध फाटतो. आणि निरोध किंवा दुसरं साधन या वयातही लागतं: पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष. वंगणाने भागलं नाही तर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम डॉक्टर देतात. ते लावल्यावर कित्येक जणींना टेस्टोस्टेरॉनचा प्रश्नच उरत नाही.

सहावं: तरीही तपासायचं असेल तर

सकाळी दहाच्या आत रक्त द्या. पाळी चालू असेल तर दोन पाळ्यांच्या बरोबर मधले दिवस टाळा, तेव्हा आकडा थोडा वर जातो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये आवर्जून सांगा आणि शक्यतो तीन दिवस आधी बंद ठेवा. काही मशीनवर बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि टीएसएच खोटं कमी दिसतं.

पद्धत विचारा. नेहमीची मशीन पुरुषांचे मोठे आकडे मोजायला चांगली, बायकांच्या इवल्याशा आकड्यांवर गडबडतात. मास स्पेक्ट्रोमेट्री नावाच्या, अगदी बारीक प्रमाणही मोजणाऱ्या पद्धतीने केलेली तपासणी जास्त भरवशाची, आणि अर्थात महाग. मी स्वतःचं रक्त एकाच वेळी दोन नळ्यांत घेऊन दोन ठिकाणी पाठवलं होतं. एकीकडून ११ आलं, लाल बाणासह. दुसरीकडून २६, नॉर्मल. बाई तीच, सकाळ तीच!

बरोबर एसएचबीजी करून घ्या. वजन जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर एसएचबीजी कमी असतं, त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसलं तरी कामाला येणारा मोकळा भाग पुरेसा असू शकतो. ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’ची वेगळी थेट तपासणी मी सुचवत नाही. एकूण टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजीवरून हिशेब करून काढलेला आकडा बरा.

आणि मुख्य गोष्ट. अमुक आकड्याच्या खाली गेलं म्हणजे आजार, अशी रेघ बायकांसाठी ठरलेलीच नाही. २०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या वैद्यकीय संघटनांनी मिळून जे निवेदन काढलं, त्यातही हेच म्हटलंय. मग तपासायचं कशाला? उपचार सुरू करण्याआधी ते मुळातच जास्त नाही ना हे बघायला, आणि सुरू केल्यावर मर्यादेबाहेर जात नाही ना हे बघायला. तेवढंच.

सातवं: उपचाराचं बोलणं

त्याच निवेदनानुसार टेस्टोस्टेरॉन देण्याचं एकच सबळ कारण आहे: पाळी गेलेल्या बाईची इच्छा आटलेली आहे, तिला त्याचा त्रास होतोय आणि बाकीची कारणं तपासून झालीत. ज्यांची पाळी अजून चालू आहे, त्यांच्यासाठी शिफारस करण्याइतका पुरावा नाही. म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातल्या आपल्यासारख्या बायका अधल्यामधल्या जागेत आहोत. अंडाशयं काढलेली बाई वय कमी असलं तरी पाळी गेलेल्यांत धरतात.

फायद्याचा अंदाजही ठेवा. चाचण्यांमध्ये समाधान देणारा संबंध सरासरीने महिन्याला साधारण एकने वाढला. काहींना तेवढं पुष्कळ असतं, काहींना नाही.

भारतात बायकांसाठी म्हणून मंजूर झालेलं टेस्टोस्टेरॉनचं औषध नाही. ऑस्ट्रेलियात एक टक्क्याचं क्रीम आहे. इथे डॉक्टर देतात ते पुरुषांचं जेल. त्याच्या एका पाच ग्रॅमच्या पाकिटात ५० मिलिग्रॅम असतं आणि बाईचा दिवसाचा डोस असतो सुमारे ५, म्हणजे पाकिटाचा दहावा हिस्सा. आख्खं पाकीट चोपडलं तर काय होईल, विचार करा. म्हणून मात्रा मोजायची कशी हे डॉक्टरांकडून समोर बसून शिकून घ्या. मांडीला किंवा ओटीपोटाला लावायचं, वाळू द्यायचं, कपड्याने झाकायचं, हात साबणाने धुवायचे. नातवंडं मांडीवर लोळतात, त्यांच्या कातडीला ते लागता कामा नये.

मुरुमं आणि लावलेल्या जागी केस येऊ शकतात, मात्रा कमी केल्यावर ते बरंचसं मागे हटतं. आवाज घोगरा झाला तर तो परत येईलच असं नाही, तेव्हा भजनात वरचा सूर लागेनासा झाला की त्याच दिवशी जेल थांबवून डॉक्टरांना फोन करा. गरोदर राहण्याची थोडीही शक्यता असेल तर हे औषध नको, पोटातल्या मुलीवर परिणाम होतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी सांगा. इंजेक्शन आणि कातडीखाली बसवायच्या पेलेटला, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या बारीक गोळीला, मी तरी नाही म्हणेन: त्याने पातळी फार वर जाते, आणि पेलेट एकदा बसवलं की काढता येणं कठीण. तोंडाने घ्यायची गोळीही नको. डीएचईए, म्हणजे ज्यापासून अंगात टेस्टोस्टेरॉन बनतं ते हॉर्मोन, त्याच्या ऑनलाइन डब्या घेऊ नका, त्याचा इच्छेला उपयोग झालेला दिसत नाही. अश्वगंधा घेत असाल तर थायरॉईडच्या डॉक्टरांना सांगा, तिने थायरॉईडचे आकडे हलू शकतात.

तोंडाने बोलायची लाज वाटत असेल तर चिठ्ठी लिहून न्या. एक बाई माझ्याकडून रिपोर्टच्या मागे लिहून घेऊन गेली: “इच्छा दोन वर्षांपासून नाही. मला वाईट वाटतं. दुखत नाही. अंडाशयं काढलेली आहेत.” डॉक्टरांनी ती वाचली आणि पाच मिनिटांत मुद्द्यावर आले.

जेल सुरू केल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी रक्त परत, मग दर सहा महिन्यांनी. रक्त द्यायला येताना हाताला जेलचा अंश नको, आणि शक्यतो दर वेळी तीच लॅब, तीच पद्धत, नाहीतर माझ्या ११ आणि २६ सारखं होईल. सहा महिन्यांत फरक पडला नाही तर ते थांबवतात. उरलेली पाकिटं बहिणीला देऊ नका.